पहिलीच हेरकथा लिहिणाऱ्यांसाठी चार हिताच्या गोष्टी

तुम्ही दहशतवादावर थरारक हेरकादंबरी लिहायला घेतलीच आहे, तर सगळ्यात आधी मराठवाडा सोडा. देहानं नव्हे, पगार इथंच होतो आणि पोराच्या नीटच्या क्लासची फीही लातुरातच भरायची आहे. पण पहिलं प्रकरण बैरूतमध्येच उघडलं पाहिजे. पहाटे, पावसात. गूगल मॅपवरून एका गल्लीचं नाव काढा आणि ते दर दोन पानांनी लिहा, म्हणजे लेखक तिथं राहून आलाय असं वाटतं. परभणीत सुरू होणाऱ्या हेरकथेला कोण पैसे मोजणार? आपल्याकडं कट शिजतात ते जिल्हा बँकेच्या निवडणुकीत, आणि तिथली फितुरी कुठल्याही गुप्तहेराला झेपणारी नाही.

नायकाला आडनाव देऊ नका. आडनाव दिसलं की आपला वाचक पंधराव्या पानापर्यंत त्याचा तालुका, जात आणि सोयरे काढून मोकळा होतो.

नायक अर्थातच ‘रॉ’चा. ‘रॉ’च्या प्रमुखानं त्याला मध्यरात्री स्वतः फोन करून ‘देश संकटात आहे’ एवढंच सांगायचं आणि फोन ठेवायचा. 1962 आणि 1965 च्या युद्धांत परदेशातली माहिती कमी पडली, म्हणून 1968 साली आयबी या जुन्या गुप्तचर खात्यातून ही संस्था वेगळी काढली आणि रामेश्वरनाथ काव तिचे पहिले प्रमुख झाले, एवढं वाचलंत की पुस्तक मिटा. पुढं वाचलं तर घोटाळा होतो. कळतं, की ‘रॉ’ला काय, आयबीलाही कुणाला अटक करायचा अधिकार नाही. ते काम पोलिसांचं, नाहीतर मुंबईवरच्या हल्ल्यानंतर 2008 च्या अखेरीस कायदा करून उभारलेल्या राष्ट्रीय तपास यंत्रणेचं, एनआयएचं. मग तुमच्या नायकानं चांदणी चौकात धावत्या रिक्षावरून उडी मारून जो अतिरेकी धरलाय, त्याचं करायचं काय? ठाण्यात न्यायचा, पंचनामा करायचा, पंच शोधायचे. पंच म्हणून कुणी थांबत नाही, हे तुम्हाला शेताच्या बांधाच्या भांडणावरूनही माहीत आहे. तीन प्रकरणं त्यातच जातील.

प्रस्तावनेत मात्र ‘ज्यांचं नाव घेता येत नाही अशा एका ज्येष्ठ स्नेह्यांचे’ आभार माना. गुप्तचर खात्यातून निवृत्त झालेल्यांना नोकरीतल्या विषयावर लिहायचं तर आधी परवानगी लागते. 2021 साली पेन्शनच्या नियमांतच तशी दुरुस्ती झाली. म्हणजे तुमचा स्नेही खरा का खोटा, हे सांगायला कुणी पुढं येणार नाही.

खलनायकाचे डोळे घारे ठेवा आणि त्याला बुद्धिबळ खेळू द्या. तो असा का झाला, हा प्रश्न काढू नका, नाहीतर पुस्तक जाड होतं. शेवटी नायकाच्या गोळीनं तो मेलाच पाहिजे. कोर्टाचं नावही नको. औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण 2006 सालचं. विशेष न्यायालयाचा निकाल आला 2016 मध्ये. बारा जण दोषी ठरले, आठ सुटले. सुटलेल्या आठांची मधली वर्षं कुठल्या प्रकरणात बसवायची? थरार जातो त्यानं.

तरीही एखादं प्रकरण गावाकडं घ्यायचा हट्ट असेल (प्रकाशकांना अधूनमधून मातीचा वास लागतो), तर हेराला उमरग्याच्या स्टँडवर चहाला उतरवू नका. हाटेलवाला पळीनं चहा ढवळत, वर न बघता सुरू करतो.

“कुठलं म्हणायचं पाव्हणं?”

“पुण्याचा.”

“पुण्याचं तर समदेच हायेत. मूळ गाव?”

हेर घोकून ठेवलेलं सांगतो, “निलंग्याजवळचं.”

“जवळचं म्हंजे? औराद का कासारशिरसी?”

“कासारशिरसी.”

“मग कुणाच्यातले? आमची मेव्हणी तिथंच दिल्याली हाय. थांबा, फोनच लावतो.”

दिल्लीत सहा महिने बसून रचलेलं सोंग अर्ध्या कपात उतरतं. परदेशी यंत्रणांनी आजवर असला माणूस पगारावर घेतला नाही, हे आपलं नशीब.

कुणीतरी शहाणा मास्तर तुम्हाला इतिहासाकडं वळवायला बघेल. म्हणेल, 1296 साली अल्लाउद्दीन खिलजी ‘चुलत्याशी बिनसलंय, दक्षिणेत चाकरी शोधायला चाललोय’ अशी हूल उठवत थेट देवगिरीवर आला; मागून दिल्लीची मोठी फौज येतेय, ही आणखी एक थाप. आणि घाईघाईनं किल्ल्यात भरलेली पोती धान्याची नसून मिठाची निघाली, असं सांगतात. रामदेवरायाच्या हेरखात्यानं काय केलं, हा प्रश्न सातशे वर्षं तसाच पडून आहे. पडू द्या.

मास्तर तेवढ्यावर थांबणार नाही. तो 1948 वर येईल. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक, ज्यानं महायुद्धाच्या तोंडावर विमानात कॅमेरे लपवून जर्मनीचे फोटो काढले होते, तोच हैदराबादच्या निजामासाठी कराचीहून रात्रीची विमानं भरून शस्त्रं आणत होता. एक उतरायची जागा बिदर, आपल्या उदगीरच्या पलीकडची. इकडं निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी, वकिली कुठं करायचा? लातुरात! सप्टेंबरात भारताच्या फौजा शिरल्या, पाच दिवसांत खेळ आटोपला. कॉटनला पुढं लंडनच्या कोर्टानं 200 पौंड दंड केला. झालं.

मास्तरचं ऐकू नका. बिदर काय, कुणीही एसटीनं जाऊन बघेल आणि तुमची चूक काढेल. शिवाय आजोबांना रझाकारीबद्दल विचारलं की ते दोन तास बोलतात, आणि मधेच कुणाचं तरी नाव निघून ते गप्प होतात. कादंबरीला वेग हवा.

छपाईचे पैसे तुम्हीच भराल, त्यामुळं संपादनाचा त्रास नाही. प्रकाशनाला आमदार बोलवा. ते पुस्तक न उघडता राष्ट्रीय सुरक्षेवर अर्धा तास बोलतील आणि पुढच्या लग्नाला निघतील. तेव्हा शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर साध्या कपड्यातला एक माणूस दिसेल. ठाण्यातला गोपनीयचा हवालदार. मोर्चा असो, सप्ताह असो, सत्कार असो, तो येतो, कोण काय बोललं ते छोट्या वहीत टिपतो आणि रात्री रिपोर्ट वर पाठवतो. सगळा गाव त्याला ओळखतो, चहाही आधी त्यालाच जातो. तुमच्या साडेतीनशे पानांत त्याच्यासारखा कुणी नाही. नसूच दे, घारे डोळे नाहीत त्याचे.

कार्यक्रम संपल्यावर तो जवळ येऊन विचारेल, “सर, पब्लिक किती लिहू?” दीडशे सांगा, लाजू नका. तो चाळीसच लिहिणार आहे.