स्पितीला निघालात? मग एवढं कराच

भाऊ, यंदा नागपूरहून गाडी घेऊन हिमाचलातल्या स्पितीला निघालात म्हणे. छान. मी नुकताच तिकडून हात टेकून आलोय, तेव्हा चार गोष्टी ऐकून घ्या.

वाटेत मुक्काम करू नका. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर, स्पितीतलं काझा ३,८०० वर, मधे साडेचार हजारांच्या वरची कुंझुम खिंड. हळूहळू चढा, असं डॉक्टर म्हणतात. त्यांचं काय जातं, सुट्ट्या आपल्या संपतात! रात्री मनालीत उतरा, पहाटे निघा. डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या, तर 'पित्त झालं' म्हणा आणि दोन पेग मारा.

टाकी मनालीत भरू नका, कुंझुमवर पंप असेलच.

नाले मात्र दुपारीच ओलांडा. सकाळी पाणी कमी असतं, त्यात काय मजा? ऊन चढून बर्फ वितळलं, पाणी बंपरला लागलं, की रील झकास येते. २०२३ च्या डिसेंबरात शेजारच्या लाहौलमध्ये एकानं चंद्रा नदीतूनच थार हाकली आणि चालान मिळवलं. आदर्श असावा तर असा.

चंद्रताल तळ्याला गाडी काठापर्यंत जात नाही, थोडं चालावं लागतं. हॉर्न वाजवून बघा.

आता मुख्य मुद्दा. रस्ता अडला की रांगेत थांबायचं नाही. काझाच्या वाटेवरचं छत्रू ते बातल म्हणजे कशीबशी एक गाडी जाईल एवढी दगडगोट्यांची वाट. दरड पडली, जेसीबी आलं, दोन्हीकडच्या गाड्या गपचूप उभ्या. नेमकं तेव्हाच मागून उजवीकडनं घुसायचं आणि समोरच्या गाडीच्या नाकाला नाक लावायचं. आमच्या रांगेत हे पुण्यकर्म ज्यानं केलं, त्याच्या पाटीवर आपल्या नागपूरचं एमएच-३१ होतं. सकाळी तीच पाटी पाहून मी हात हलवला होता, खोटं कशाला बोलू! त्याच्यामागे दिल्लीवाले घुसले, मग हरियाणावाले. जेसीबीनं दरड काढली, पण गाडी हलवायला इंचभर जागा नाही. समोर मटारच्या गोण्यांनी भरलेली पिकअप. हिरवा मटार मंडीत उशिरा पोचला की भाव गेलाच. ड्रायव्हर पोरगं उतरून आलं, हात जोडून म्हणालं, "भाईसाब, थोडा पीछे ले लो." साहेबांनी काच अर्धी खाली केली. "रुक ना बे, हम भी तो फसेच है." आणि काच उघडीच आहे म्हणून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी बाहेर टाकली. मग थुंकले. पोराच्या बुटाशेजारी.

अरे, लाज आहे का काही? नागपुरात व्हेरायटी चौकात सिग्नल तोडतोस, तिथं निदान मेडिकल हॉस्पिटल जवळ आहे. इथं मागच्या टेम्पोतल्या म्हाताऱ्या बाईला श्वास घेता येत नव्हता आणि खाली उतरायला हाच एक रस्ता होता. तो तू बुजवून बसलास, वर गाणी लावलीस! घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम आहे, कोणाची मेहेरबानी नाही. लायसन्स काय एजंटला पैसे देऊन काढलं? ज्याच्या गावात जाऊन राहिला त्याच्याच रस्त्यात गाडी आडवी घालतोस, त्याच्याच दारात थुंकतोस आणि वर त्यालाच 'बे' म्हणतोस. दहा मिनिटं रांगेत उभं राहवत नसेल, तर आपल्या फुटाळा तलावावर जा, भुट्टा खा अन् घरी जाऊन झोप.