कुबरनेटीसला व्हर्च्युअल मशीनचं वावडं नाही

कुबरनेटीस म्हणजे कंटेनरमध्ये बांधलेली सॉफ्टवेअरं अनेक मशीनवर चालवणारी यंत्रणा; व्हर्च्युअल मशीन म्हणजे खऱ्या सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभं केलेलं वेगळं मशीन. बेळगाव-निपाणीकडच्या आयटीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: 'कुबरनेटीस थेट सर्व्हरवरच बसवा. व्हर्च्युअल मशीनमध्ये घातलं की दुहेरी व्हर्च्युअलायझेशन होतं, निम्मी ताकद जाते आणि सुरक्षेत काडीची भर पडत नाही.' उद्यमबागेतल्या कारखान्यांचे सर्व्हर सांभाळणारी पोरं हे वाचून चांगलं चालतं प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारी प्रणाली) उखडायला निघतात, म्हणून लिहितोय.

दुहेरी काहीच होत नाही. कंटेनर ही लिनक्सवरची प्रोसेसच, म्हणजे चालू प्रोग्रामच असते. लिनक्समधले नेमस्पेस तिला इतरांपासून वेगळं ठेवतात, सीग्रुप तिच्या रॅम-प्रोसेसर वापरावर मर्यादा घालतात. हायपरवायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा थर) एकच.

निम्मी ताकद? इंटेलने 2005 मध्ये, एएमडीने 2006 मध्ये प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनची सोय दिली. केव्हीएम हा हायपरवायझर 2007 पासून लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच आहे. बहुतेक सूचना थेट प्रोसेसरवरच चालतात. प्रत्येक मशीनचं कर्नल थोडी रॅम खातं, डिस्कला किंचित उशीर होतो, हे मान्य. पण खरा घोळ आपण घालतो: 64 जीबीच्या सर्व्हरवर 96 जीबी वाटून बसतो. कुबरनेटीसचा शेड्युलर रॅम आहे असं धरून पॉड (कंटेनरचे गट) ठेवतो आणि बलूनिंग, म्हणजे मशीनला दिलेली रॅम हायपरवायझरने परत घेण्याची सोय, ती मागच्या मागे काढून घेतं. नोडची, म्हणजे कुबरनेटीसमधल्या प्रत्येक मशीनची रॅम राखीव ठेवा, बलूनिंग बंद करा.

सुरक्षेबद्दलचं विधान मात्र धोकादायक आहे. कंटेनर सगळे एकाच कर्नलवर असतात. 2019 मध्ये रनसी या कंटेनर सुरू करणाऱ्या साधनात सापडलेल्या त्रुटीतून कंटेनरमधला हल्लेखोर यजमान मशीनवर रूट (सर्वाधिकारी) होऊ शकत होता. यजमान जर व्हर्च्युअल मशीन असेल, तर हल्लेखोराच्या हाती तेवढंच मशीन लागतं. त्याच सर्व्हरवरचा ईआरपीचा (कारखान्याचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) डेटाबेस अजून एका भिंतीपलीकडे राहतो. गूगल, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट यांच्या कुबरनेटीस सेवांचे नोडही सहसा व्हर्च्युअल मशीनच असतात.

संदेशात नसलेली, पण आपल्याकडे सर्रास दिसणारी चूक वेगळीच. कंट्रोल प्लेनची (कुबरनेटीसचा कारभार हाकणाऱ्या भागाची) तिन्ही मशीन एकाच सर्व्हरवर! कुबरनेटीसची सगळी नोंद ठेवणाऱ्या ईटीसीडी या डेटाबेसला बहुमतासाठी तिनांपैकी दोन जिवंत लागतात. लाईट गेली, यूपीएसने मान टाकली, की तिन्ही एकदम जातात. दोन सर्व्हरवर दोन आणि एक वाटूनही भागत नाही, कारण दोनवाला सर्व्हर पडला तर बहुमतही गेलं. तिसरा छोटा का होईना, वेगळा सर्व्हर हवाच, तोही वेगळ्या यूपीएसवर. ईटीसीडी एसएसडीवर ठेवा. आणि बॅकअप ईटीसीडीच्या स्वतःच्या स्नॅपशॉटने घ्या. त्याऐवजी एकाच व्हर्च्युअल मशीनचा जुना स्नॅपशॉट परत चढवला, तर तो सदस्य बाकीच्यांशी विसंगत होऊन बसतो.