तेवढं घासून घ्या, बसतंय!

"सेम टू सेम आहे, डोळे झाकून बसवा!" जुन्या विलीज जीपचा पार्ट मागितला की हे वाक्य फुकट मिळतं. पार्टही डोळे झाकूनच बनवलेला असतो बहुतेक. परवा आलेलं ऑइल सील सैल, आणि ब्रॅकेटचं भोक बोल्टपासून अर्धा इंच लांब. विचारलं तर उत्तर काय? "तेवढं घासून घ्या." अहो, भोक घासून सरकतं का?

बरं, मेकॅनिक तरी? १९४० च्या दशकातल्या या गाडीच्या डाव्या चाकांच्या नटांना उलटे आटे असतात. हे मी सांगतो. पुन्हा सांगतो. चाकावर खडूनं लिहितो. तरी लांब पाना लावून, वर पाय देऊन, नेहमीच्याच दिशेनं दणका. कट्! स्टड तुटला. वर मलाच, "गंजलाय हो तुमचा." सिस्टीम ६ व्होल्टची, तिला १२ व्होल्टची बॅटरी जोडून सगळे बल्ब उडवणारा महाभागही भेटलाय. फोर व्हील टाकून कोरड्या डांबरी रस्त्यावर 'टेस्ट' घेणाऱ्याचं तर विचारूच नका. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शियल मधे नाही रे राजा, वळणावर ती एकमेकांशी भांडतात!

आणि खाली थारोळं दिसलं की प्रत्येकजण वाकून, "तेल गळतंय." हो का? मला वाटलं घाम आलाय. उलट गळायचं थांबलं की मी घाबरतो, म्हणजे तेल संपलं.

त्यातून शनिवारभर गाडीखाली पडून, कोपरापर्यंत ग्रीस माखून बाहेर यावं, तर समोर कुणीतरी उभा: "विकायची का?"

आणा तो पाना इकडे.