कूलर बंद करा, अरोरा काढायचा आहे

१० मे २०२४ च्या रात्री सौरवादळानं लडाखमधल्या हान्लेचं आकाश लाल केलं, म्हणजे ध्रुवांजवळ आकाशात दिसणारा रंगीत प्रकाश, अरोरा, तिथं दिसला आणि त्याची झळ नागपुरात मला बसली. तेव्हापासून रात्री अकराला कुणाचा तरी फोन येतोच: "भाऊ, उत्तरेकडं लाल दिसून राह्यलं! कॅमेरा काढा ना!"

"त्या लालात तारे दिसतात काय?" मी विचारतो. अरोऱ्यातून तारे दिसतात, शहराच्या दिव्यांनी तांबूस झालेल्या ढगातून नाही.

"एक दिसून राह्यला. सरकूनही राह्यला."

ते विमान.

हान्लेला दिसला तो अरोऱ्याचा शेंडा. ऑक्सिजनचा लाल प्रकाश दोनशे किलोमीटरच्या वर, हिरवा त्याखाली शंभर-दीडशेवर. पृथ्वीच्या गोलाईआड हिरवा बुडाला, लाल तेवढा उरला. नागपूर तिथून आणखी सुमारे तेराशे किलोमीटर दक्षिणेला. साफ नाही म्हणावं, तर ४ फेब्रुवारी १८७२ ला मुंबईहूनही अरोरा दिसल्याची नोंद आहे! मग चढा गच्चीवर.

लेन्स १४ ते २४ मिमीची, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) २.८, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६००, शटर १५ सेकंद उघडं, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं न बदललेली. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर ठेवू नये. ज्या लालीसाठी एवढा खटाटोप, तीच कॅमेरा 'दुरुस्त' करून टाकतो. ४००० केल्विन धरावं. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास नको. स्क्रीनवर ठळक तारा दहापट मोठा करून तो बारीकात बारीक होईपर्यंत रिंग फिरवावी आणि चिकटपट्टी लावून टाकावी. ट्रायपॉडवर हाताची थरथर सावरणारा स्टॅबिलायझर बंद, टायमर दोन सेकंदांचा.

इथवर कुठल्याही गावात जमतं. नागपूरचा मे वेगळा. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत वाफा टाकतो, तारे थरथरतात. सेन्सर तापला की फोटोत लाल-निळे ठिपके उगवतात. तेवढ्याच वेळाचा एक फोटो लेन्सला झाकण लावून काढावा आणि नंतर संगणकावर मूळ फोटोतून वजा करावा. ट्रायपॉडला पाच किलो तांदळाची पिशवी टांगावी, पण ती जमिनीला टेकलेली हवी, नाहीतर वाऱ्यानं तीच झोके घेते. एवढं करूनही तारे रेघाळले, तर खिडकीतल्या कूलरची थरथर भिंतीतून वर आली समजा. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद करा म्हणणाऱ्याला घरात पाणी विचारत नाहीत.

खरा अंधार पेंचला. जानेवारी २०२४ मध्ये ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपलेलं ठिकाण, झालं. पण फोन करणाऱ्याला फोटो गच्चीवरूनच हवा असतो. शेवटी सगळं जमतं, कूलर थांबतो, शटर उघडतं. चौदाव्या सेकंदाला जिन्यातून मोबाईलचा टॉर्च थेट लेन्सवर येतो.

"काय भाऊ, आला काय?"