मुंबईत काय बघू? विचारूच नका!

सुट्टी लागली की पाहुण्यांचा फोन येतोच, "मुंबईत काय बघायचं, खायचं कुठे?" मीही दरवेळी उत्साहानं सांगते. गेटवेहून बोटीनं घारापुरीला जा, ती जवळपास वीस फुटी त्रिमूर्ती बघा. फक्त सोमवारी जाऊ नका, लेणी बंद असतात. बोट लागत असेल तर बोरिवलीची कान्हेरी, शंभरावर लेणी आहेत (सोमवार तिथंही वर्ज्य). दादरला थालीपीठ खा, वर पियूष प्या. गिरगावात तर जेवणाची चंगळच.

आणि मंडळी करतात काय? कुठल्याशा नटाच्या बंगल्याच्या बंद फाटकापुढे भर उन्हात ताटकळतात, मग मॉलमध्ये पिझ्झा! घारापुरीला निघतात तेही नेमके सोमवारी. वर रात्री माझ्याच घरी पिठलं-भात ओरपत मलाच ऐकवतात, "मुंबईत बघण्यासारखं काही नाही हो!"