नाटक बघा, पण अंगाला लावून घेऊ नका

बायकोला घेऊन नाटकाला जायचं ठरवलंय म्हणे? जा की. पण जरा तयारीनं जा, कारण मराठी नाटकवाल्यांना पहिल्यापासून एक खोड आहे, नवरा, बाप, साहेब असली माणसं स्टेजवर उभी करतात अन् ती बाईला कशी उडवून लावतात ते इतकं बारकाईनं दाखवतात की समोर बसलेल्या माणसाला आपल्याच घरातला हॉल ओळखू यायला लागतो. म्हणून सांगायलोय, अनुभवाचे बोल आहेत.

आधी सोपं घ्या, 'एकच प्याला'. 1919 चं नाटक, गडकऱ्यांचं. नवरा दारूपायी घरदार घालवतो अन् सिंधू लोकांची दळणं दळून संसार ओढते, शेवटी त्याच्याच हातून मरते तरी त्याचं नाव घेत नाही. इथं बिनधास्त रडा, रुमाल काढून रडा, बायकोला दिसेल असं रडा. सिंधूसाठी रडणं एकदम सेफ असतं कारण ती उलटून बोलतच नाही. अन् पहिली सिंधू कोण, तर बालगंधर्व. म्हणजे बाईनं किती सोसायचं ते लिहिणारा पुरुष अन् सोसून दाखवणाराही पुरुष, बाईला तसदीच नाही!

खरी परीक्षा 'शांतता! कोर्ट चालू आहे'ला. तेंडुलकरांचं हे नाटक 1967 ला स्टेजवर आलं, आपल्याकडं अजून कुणी ना कुणी बसवतंच. त्यात काशीकर नावाचे समाजसेवक आहेत. त्यांच्या बायकोनं तोंड उघडायचं अन् ह्यांनी ते बंद करायचं. आता गंमत बघा, काशीकर काही दारू पिऊन मारत नाहीत, नुसतं चारचौघात तिचं बोलणं माशी हाकलल्यासारखं हाकलतात, म्हणजे अगदी आपल्यासारखे सज्जन. इथं तुम्ही सगळ्यात आधी अन् सगळ्यात मोठ्यानं हसायचं. बायकोनं मान वळवून तुमच्याकडं बघायच्या आत हसायचं, ते महत्त्वाचं. आपण हसलो की तो माणूस आपण नाही हे आपोआप सिद्ध होतं.

पण ह्या नाटकातला खरा गुरू काशीकर नाही, प्रोफेसर दामले. बेणारे बाई मास्तरीण, खेळ म्हणून सुरू केलेल्या खटल्यात सगळे मिळून तिचं खासगी आयुष्य चव्हाट्यावर आणतात, नोकरी गेली म्हणतात, पोटातल्या गर्भाचं काय करायचं तेही हेच ठरवतात, अन् ज्याच्यामुळं दिवस राहिले ते दामले अख्ख्या नाटकात येतच नाहीत. ना शिव्या, ना खुलासा, इस्त्री मोडली नाही माणसाची. ह्याला म्हणतात नियोजन. तेव्हा पोराची पालक मीटिंग, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, बहिणीचा वाटणीचा कागद, जिथं अडचण दिसेल तिथं दामले व्हा. बोलायला बाकीचे असतातच.

'चारचौघी'चं जरा वेगळं आहे. 1991 चं नाटक, प्रशांत दळवींनी लिहिलेलं, चंद्रकांत कुलकर्णींनी बसवलेलं, दोघंही आपल्या औरंगाबादचे (आता संभाजीनगर म्हणायचं, बरं). तर 'आपले पोट्टे आहेत ते' हे इंटरवलमध्ये चहा पिता पिता चार जणांना ऐकू जाईल असं सांगा. पण नाटकात एक आई अन् तीन पोरी नवऱ्यांचा, प्रियकरांचा हिशोब मांडायला लागल्या की लगेच म्हणा, हे सगळं मुंबईकडं असतंय, आपल्याकडं बायकांना लई मान आहे. लेखक आपले, पुरुष तिकडचे. अन् हे बोलत असताना बायको काही म्हणायला लागली तर, 'थांब गं, बोलायलोत ना आम्ही.'

कुणी म्हणेल मराठवाड्याला हे बायकांचं रडगाणं कधी नव्हतंच. तसं म्हणू नका, फसाल. पैठणच्या नाथांनी सोळाव्या शतकातच भारूड लिहून ठेवलंय, त्यातली बाई भवानीआईला रोडग्याचा नवस बोलते अन् मागते काय, तर सासरा गावाला गेलाय त्याला तिकडंच खपव, सासूला घालव, अन् दादला मारून त्याचीच आहुती देते, मला मोकळी कर. पण घाबरायचं काम नाही. त्याचा अर्थ आध्यात्मिक आहे, सासरा म्हणजे अहंकार का काय ते बुवा सांगतात, अन् बाईचं सोंगही बहुतेक लुगडं नेसलेला गडीच घेतो. बाईनं नवऱ्याला संपवलं की अध्यात्म अन् नवऱ्यानं बाईला उडवलं की विनोद, एवढं पाठ करून ठेवा, कुठल्याही थेटरात चालतं.

नाटक सुटलं की पार्किंगमधून गाडी काढताना ती म्हणेल, 'अहो, ती काशीकरांची बायको बघितली का...' तेवढ्यात किक मारा. रस्ताभर ती गप्प बसली तर समजायचं नाटक आवडलं. घरी पोचल्यावर कुलूप उघडता उघडता ती म्हणली की येत्या मंगळवारी तुळजापूरला जायचंय, नवस बोललेय, तर कसला ते विचारत बसू नका. रोडग्याला पीठ किती लागतंय तेवढं विचारा अन् दळण टाकून या.