बेंच म्हणजे पगारी अभ्यासिका नव्हे

माझ्या भाचीला यंदा कॅम्पस मुलाखतीतून एका मोठ्या आयटी सेवा कंपनीचे ऑफर लेटर मिळाले आणि त्याच आठवड्यात आमच्या कौटुंबिक व्हॉट्सॲप ग्रुपवर अशा कंपन्यांचे फायदे सांगणारा तो फिरता मजकूर तिसऱ्यांदा येऊन पडला. त्यात चार दावे आहेत: नोकरी सरकारी नोकरीइतकी पक्की असते, दोन वर्षांत अमेरिकेला पाठवतात, कोणत्याही शाखेच्या मुलांना शिकवून घेतात, आणि काम नसले की बेंचवर बसवून पूर्ण पगार देतात, तेव्हा त्या काळात एमपीएससीचा अभ्यास करावा. भाचीने या सल्ल्यावर विसंबून सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांची चौकशी सुरू केली, म्हणून हे लिहावे लागत आहे.

बेंचचा दावा आधी घेतो, कारण तोच सर्वांत खुळचट आणि सर्वांत घातक आहे. सेवा कंपनी मुख्यतः माणसांचे तास विकते. ज्याच्या तासांचे पैसे ग्राहक मोजतो तो कर्मचारी ‘बिलेबल’ ठरतो, उरलेले बेंचवर जातात आणि त्यांचा पगार कंपनीच्या नफ्याला कात्री लावतो. त्यामुळे बेंचवरच्या माणसाकडे कोणी पाहत नाही, ही समजूत नेमकी उलटी आहे. टीसीएसने १२ जून २०२५ पासून लागू केलेले धोरणच पाहावे: बारा महिन्यांत किमान २२५ दिवस बिलेबल असले पाहिजे, बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त राहता येणार नाही, त्या काळात कार्यालयात हजर राहून रोज चार ते सहा तास कंपनीने नेमून दिलेले प्रशिक्षण घ्यायचे, आणि बेंच लांबला तर पगारवाढीवरच नव्हे तर नोकरीवरही परिणाम होऊ शकतो. यात राज्यशास्त्राच्या नोट्स काढायला वेळ कुठे आहे? हे एकाच कंपनीचे धोरण आहे असे कोणी म्हणेल. परंतु तासांचा हिशेब सगळ्यांचा सारखाच आहे. शिवाय बेंचवरून सुटण्यासाठी जो प्रकल्प मिळेल तो घ्यावा लागतो, मग तो रात्रपाळीचा सपोर्ट असो की दुसऱ्या शहरातले टेस्टिंग.

सरकारी नोकरीच्या तुलनेवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. टीसीएसनेच जुलै २०२५ मध्ये सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले आणि त्याचा भार प्रामुख्याने मधल्या व वरच्या श्रेणींवर येणार होता.

अमेरिकेचे तर विचारूच नये. सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेबाहेरील व्यक्तीसाठी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठीच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लागले आहे. साडेतीन-चार लाख रुपये वार्षिक पॅकेजवर घेतलेल्या नवख्या मुलीसाठी ते कोण भरणार?

प्रशिक्षणाचा दावा मात्र, नाइलाजाने का होईना, बराचसा मान्य करावा लागतो. भाची मेकॅनिकलची आहे आणि तिच्यासारख्या मुलींना पगार देऊन कोडिंग शिकवणारी दुसरी जागा मलाही सुचवता येत नाही. फक्त या प्रशिक्षणालाही परीक्षा असते, हे त्या मजकुरात सोयीस्करपणे गाळले आहे: फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसने मैसूरच्या केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना घरी पाठवले, आणि तीन संधी मिळूनही ते अंतर्गत चाचणीत उत्तीर्ण झाले नाहीत, हे त्यासाठी कंपनीने दिलेले कारण होते.